पोर्ट टार्लोची हिरवळ कोणी मारली?

१

१९८३ साल. पोर्ट टार्लोत त्या वर्षाला अजूनही कोणी त्र्याऐंशी म्हणत नाही. ‘हिरवळ मेली ते वर्ष’ म्हणतात. लग्नं, बारशी, कोणाचं दुकान कधी बंद पडलं, सगळं त्याच्या आधीचं नाहीतर नंतरचं.

नोव्हेंबरची बारा तारीख होती, शनिवार. तिकडे नोव्हेंबर म्हणजे उन्हाळ्याचं तोंड. ॲव्हिस ट्रेम्बाथ सव्वानऊला बोल्स क्लबच्या फाटकातून आत आली तेव्हा तिच्या हातात फडक्याने झाकलेली केकची बशी होती. शनिवारी बायकांनी बशी घेऊन यायचं, चहा करायचा आणि पुरुषांचा खेळ बघायचा, असा रिवाज. बायका क्लबच्या ‘सहयोगी’ सभासद. गुरुवारी दुपारी त्यांना हिरवळ मिळायची. मत कधीच मिळायचं नाही. ॲव्हिस एकवीस वर्षं सहयोगी होती.

त्या दिवशी चहाघरात कोणी नव्हतं. पांढऱ्या कपड्यांतले चाळीस-पन्नास पुरुष हिरवळीच्या चारी बाजूंना उभे होते आणि सगळ्यांनी टोप्या काढून हातात धरल्या होत्या. मधोमध हॉरी जॉली गुडघ्यांवर बसला होता. हिरवळीची निगा राखणं हे हॉरीचं सतरा वर्षांचं काम. त्याच्या मुठीत वाळका पेंढा होता.

“आठवडाभर पिवळी पडत होती,” तो म्हणाला. “मला वाटलं, ऊन. पाणी वाढवलं. अरे, मी मेलेल्याला पाणी पाजत होतो!”

बोल्स म्हणजे जड गोळा गवतावरून घरंगळवत न्यायचा आणि पांढऱ्या छोट्या गोळीच्या जितक्या जवळ थांबवता येईल तितका थांबवायचा. त्यासाठी गवत गालिच्यासारखं लागतं. पोर्ट टार्लोचं गवत सत्तावन्न वर्षांचं होतं. क्लबचे अध्यक्ष क्लॅरी नॅनकर्व्हिस यांच्या वडिलांनी ते एकेक काडी खोचून लावलं होतं. क्लॅरी आता चौऱ्याहत्तरचा. जन्मभर गहू पिकवलेला, रुंद खांद्यांचा माणूस. तो कडेच्या बाकावर बसून होता आणि कोणाशीच बोलत नव्हता.

जिल्ह्याचा शेतकी अधिकारी आला. त्याने पेंढा बोटांत चुरला आणि म्हणाला, “तणाचं औषध फवारलंय. नऊ-दहा दिवस झाले असतील.”

“आणि येत्या गुरुवारी कौन्सिलची सभा,” मागून कोणीतरी म्हणालं. “आता कोणी केलं ते विचारायलाच नको.”

सगळ्यांच्या माना समुद्राकडे वळल्या. तिथे कॅराव्हॅनांचा तळ होता. चाकांवरच्या अठरा खोल्या, त्यांत अठरा बिऱ्हाडं. तळाची जागा मालकाने मोटेलवाल्याला विकली होती आणि जानेवारीअखेर सगळ्यांना निघायचं होतं. सरकारचं घरबांधणी खातं अठरा घरं द्यायला तयार होतं, पण गावाने वर्ष संपायच्या आत पाणी आणि गटार असलेली जागा द्यायला हवी होती. तशी जागा गावात एकच, या क्लबची. क्लबने गावाबाहेर गुरांच्या जुन्या बाजारात जावं, असा प्रस्ताव होता. कौन्सिलचे चार सभासद बाजूने, चार विरोधात आणि एकाचं ठरत नव्हतं.

ऑक्टोबरातल्या जाहीर सभेत तळावरची जेन हॉस्किन उभी राहून म्हणाली होती, “तुमच्या गवताला दिवसातून दोनदा पाणी, आणि आमच्या अठरा घरांत मिळून एक नळ! ते गवत मेलं तरच आम्ही तुम्हाला दिसू.”

हे वाक्य गावात कोणी विसरलं नव्हतं. हिरवळ मेल्याचं कळलं त्याच दुपारी कॉन्स्टेबल मकार्डल तळावर गेला आणि जेनच्या कॅराव्हॅनमागून तणाच्या औषधाचा रिकामा डबा घेऊन आला.

२

रविवारी सकाळी जेन ॲव्हिसच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिशीची, सडसडीत, डोळ्यांखाली काळं.

“मिसेस ट्रेम्बाथ, मी काही मागायला आले नाही. एडीबाई म्हणाल्या, तुमच्याकडे जा.”

“आत ये आधी. दारात उभं राहून कोणाचं भलं झालंय?”

एडी म्हणजे एडी क्रॅडॉक, एकोणऐंशी वर्षांची. क्लबच्या चहाघरातले स्कोन, म्हणजे चहाबरोबरचे छोटे गोल पाव, तीस वर्षं तिच्याच हातचे. चर्चमध्ये भेट झाली असेल, असं समजून ॲव्हिसने पुढे विचारलं नाही. ही तिची पहिली चूक, असं ती नंतर म्हणायची.

एडीने ॲव्हिसचंच नाव का सांगितलं, हे मात्र कळण्यासारखं होतं. गावात हाताने जोडायचे फोन होते तेव्हा एकतीस वर्षं ॲव्हिस टेलिफोनच्या खोलीत बसली. कोणाचा श्वास लागलाय, कोण रडून मग फोन उचलतंय, हे तिला ‘हॅलो’वरून कळायचं. मग आपोआप जोडणारे फोन आले, तिच्या हातात एक घड्याळ दिलं आणि खोलीला कुलूप लागलं. त्या एकतीस वर्षांत ऐकलेलं एकही वाक्य तिने दुसऱ्याला सांगितलं नव्हतं. गाव तिला मान द्यायचं ते त्यासाठी.

“माझ्या धाकट्याच्या अंगावर काल एक जण थुंकला,” जेन म्हणाली. “आठ वर्षांचा आहे हो तो! मकार्डल म्हणतो, शुक्रवारी मला घेऊन जाणार. गुरुवारच्या सभेआधी गोंधळ नको म्हणून थांबलाय. पण सभेत आता काय होणार? तो एक न ठरलेला सभासद माझ्याकडे बघून मत देणार. माझ्यामुळे अठरा घरं जातील.”

“तू केलंस?”

जेन सरळ बघत राहिली. “त्या गवतावर मी एकदाच पाय ठेवला होता. तेवढ्यात तो हॉरी असा ओरडला की जसं मी कोणाच्या छातीवर उभी आहे. नाही केलं मी. पण वाईट वाटलं असंही सांगणार नाही.”

ॲव्हिसने चहा ओतला. खोटं बोलणारा माणूस इतकं पुढचं बोलत नाही, हे तिला ठाऊक होतं.

“पोरी, सभेला अजून चार दिवस आहेत,” ती म्हणाली. “आता खा काहीतरी.”

जेन गेली आणि पाचच मिनिटांत फोन वाजला. क्लॅरी नॅनकर्व्हिस होता.

“ॲव्हिस, ती पोरगी तुझ्याकडे आली होती म्हणे. तू यात पडू नकोस गं.”

शब्द नेहमीचेच होते, आवाज नेहमीचा नव्हता. 

३

हॉरी रविवारीही हिरवळीवरच होता. मेलेल्या माणसाच्या खोलीत नातेवाईक उगीच चादरी सरळ करतात, तसा तो कडेचं गवत कापत होता.

“लोक म्हणतात मी केलं,” तो चिडून म्हणाला. “नवं यंत्र दिलं नाही म्हणून! सतरा वर्षं मी हिच्यासाठी पहाटे उठलोय. बायकोसाठी उठलो नाही कधी.”

“ते बायकोने मला फोनवर सांगितलंय खूपदा. मला हिरवळ दाखव.”

तिने बूट काढले आणि अनवाणी उतरली. हॉरी बघत राहिला.

“बघ ना, सवय,” ॲव्हिस म्हणाली. “मेली तरी टाचेचे बूट घालून हिच्यावर पाय ठेववत नाही, इथे चपट्या तळाचेच चालतात. हॉरी, त्या दिवसांत रोज सकाळी तू कापायचास. टाचेचा खड्डा दिसला होता कुठे?”

“एकही नाही. टाच उमटली असती तर माझ्या डोळ्यात सुईसारखी घुसली असती. उमटलीच नाही. उडत आला असेल मेला!”

उत्तरेच्या कडेला पोचल्यावर ती थांबली. तिथे सहा फुटांची एक पट्टी लांबच्या लांब हिरवीगार होती.

“इथे औषध संपलं असणार त्याचं,” हॉरी म्हणाला.

“संपलं असतं तर फिकट होत होत गेलं असतं. ही कड बघ. दोरी धरल्यासारखी सरळ आहे.” ती वाकली आणि जिवंत गवतावरून हात फिरवला. “मला सांग, तीन तारखेला, गुरुवारी, तू कुठे होतास?”

“शहरात, दात काढायला. सहाच्या बसने गेलो आणि रात्री आलो. आठवडाभर पेज पीत होतो, विचार बायकोला. का?”

“कारण त्या दुपारी आम्ही बायका खेळायला आलो आणि झेंडा उतरवलेला होता. आम्हाला वाटलं, तू हिरवळ बंद ठेवलीस. म्हणून आत बसून पत्ते खेळलो.”

हॉरीने कात्री खाली ठेवली. हिरवळ खेळायला चांगली असेल तर खांबावर झेंडा चढवायचा. झेंडा खाली असेल तर अध्यक्षानेही पाय ठेवायचा नाही. हा नियम क्लबच्या भिंतीवर लिहिलेला नव्हता, कारण लिहायची गरज नव्हती.

“ॲव्हिस,” हॉरी हळूच म्हणाला, “त्या दिवशी निघताना मी झेंडा चढवून गेलो होतो.”

४

सोमवारी तिने कौन्सिलचा मुख्य कारकून ग्रॅहम रड याला गाठलं. घरांचा सगळा आराखडा त्याचा. वर्षभर त्याने नकाशे काढले होते आणि वर्षभर लोकांनी त्याला रस्त्यात ओळख दिली नव्हती. नकाशाच्या गुंडाळ्यांच्या ढिगाऱ्यातून त्याचं डोकं वर आलं.

“विचारा, तुम्हीही विचारा,” तो म्हणाला. “मकार्डलने विचारलं, मेयरने विचारलं, माझ्या सासूनेही विचारलं. कौन्सिलच्या गोदामात औषधाचे सात डबे होते, आजही सातच आहेत. आणि मला गवत मारून काय मिळणार? मला पाचवं मत हवं होतं. ते त्या दिवशी माझ्या हातातून गेलं. लोक आता म्हणतात, ‘गुंडगिरीला बक्षीस देणार का?’ ज्याने हे केलं त्याने माझी अठरा घरं पाडली, बांधायच्या आधी.”

“तुमचे बूट बघू.”

“काय?”

“पाय वर करा हो. माझं वय झालंय, वाकवत नाही.”

रडने गोंधळून पाय वर केला. घोडेस्वारांचे असतात तसे उंच टाचेचे बूट.

“हेच घालता नेहमी?”

“माझा एक पाय आखूड आहे. हे बूट करून घ्यावे लागतात. चपटं काही घातलं तर मी पडतो.” तो जरा लाजला. “मोजणीला गेलो होतो तेव्हा हॉरी जॉलीने मला फावडं घेऊन पळवून लावलं.”

“आणि क्लबच्या खांबावरचा तो झेंडा कशासाठी असतो, माहीत आहे?”

“बिअर मिळायला लागली की चढवतात ना?”

ॲव्हिस इतकी हसली की बाहेरच्या टेबलावरची मुलगी डोकावून गेली. हा माणूस गावात नऊ वर्षं राहत होता.

पण जिना उतरताना तिचं हसू गेलं. ज्याने हिरवळ मारली त्याने टाचेचा बूट घातला नाही. ज्याने विष फवारलं त्याने आधी झेंडा उतरवला. बायका गोळा उघड्या हाताने उचलतात, पकड यावी म्हणून बोटाला जीभ लावतात, मग त्याच हाताने स्कोन खातात. ओल्या विषावर कोणाचा हात पडू नये, याची त्याने काळजी घेतली होती.

शत्रू असं करत नाही. ती पायरीवरच बसली. गुन्हेगार क्लबचाच होता.

५

मंगळवारी ती तळावर गेली. डबा कुठून आला, हे कळल्याशिवाय जेन सुटणार नव्हती.

जेनचा धाकटा मुलगा सांगायला उतावीळच होता. “आम्ही कचऱ्याच्या खड्ड्यातून आणला! क्रिकेटला स्टंप म्हणून. पण मोठ्या दादाच्या बॉलने उडायचा, म्हणून त्यात वाळू भरली, तर सगळी वाळू खालून गळाली.”

“खालून?”

“त्याला बुडाला भोकं होती ना! खिळ्याने पाडलेली.”

ॲव्हिसला आपल्या माहेरचं शेत आठवलं. वडील विषाचा डबा तीनदा धुवायचे आणि बुडाला खिळ्याने भोकं पाडायचे, म्हणजे पुढे कोणी चुकून त्यात पाणी भरून पिणार नाही. शहरातला माणूस डबा फेकून देतो. हॉरी औषधाचे डबे धुऊन त्यांत रंग ठेवायचा, त्यांना भोक कधी पाडायचा नाही. भोक पाडतो तो शेतकरी.

चपटे बूट. झेंडा. भोकं. इतका काळजी घेणारा खुनी तिने उभ्या जन्मात ऐकला नव्हता. आणि तसा माणूस क्लबमध्ये एकच होता. पण तो का करील? ज्याच्या बापाने ती हिरवळ लावली, जो दर सभेत मूठ आपटून ‘मी जिवंत असेपर्यंत नाही’ म्हणत होता, तो?

“अगं ॲव्हिस! तू इथे?”

अकरा नंबरच्या कॅराव्हॅनच्या दारात एडी क्रॅडॉक उभी होती. ॲप्रन बांधलेला, हात पिठात.

ॲव्हिसला आधी वाटलं, ही कोणाला भेटायला आलीय. मग आत भिंतीवर तिला एडीच्या नवऱ्याचा फोटो दिसला, आणि बोटभर रुंदीच्या फळीवर एडीच्या चहाच्या कपांची रांग.

“एडी, तू इथे राहतेस? कधीपासून?”

“चार वर्षं झाली. घर भाड्याचं होतं, तो गेल्यावर मालकाने सोडायला सांगितलं. मी म्हटलं होतं की सगळ्यांना, समुद्राजवळ राहायला गेले म्हणून. खोटं कुठे होतं?” एडी हसली. “कोणी पुढे विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. ये, बस. ओव्हनमध्ये एका वेळी सहाच स्कोन मावतात. शनिवारसाठी शुक्रवारी दुपारीच सुरू करते.”

ॲव्हिस बसली. उठून उभं राहिलं तर डोकं छताला लागलं असतं. गावातल्या प्रत्येकाचा श्वास ओळखणारी बाई, आणि एडीच्या घरी फोन नाही हेसुद्धा तिला चार वर्षं कळलं नव्हतं.

“तू दुसरी हं,” एडी म्हणाली. “क्लबातलं माणूस इथे येणारी. क्लॅरीही असाच येऊन बसला होता, तू बसलीस तिथेच. तीन आठवडे झाले असतील. जेनच्या त्या सभेतल्या बोलण्यावरून भांडायला आला होता. मला बघितलं आणि भांडायचंच विसरला. अर्धा तास बसला. चहा प्याला. एक शब्द नाही बाई! जाताना माझा हात धरला आणि म्हणाला, ‘एडी, तीस वर्षं.’ बस, एवढंच. मला काही कळलं नाही.”

ॲव्हिसला कळलं. ती जिवंत ठेवलेली हिरवी पट्टीसुद्धा कळली.

६

बुधवारी दुपारी क्लॅरी आपल्या ओसरीवर बसून पांढऱ्या बुटांना पॉलिश करत होता. खेळ नव्हता, हिरवळ नव्हती, तरी बूट चमकत होते.

“बस, ॲव्हिस. तू येशील असं वाटलंच होतं.”

“मी तुला एका माणसाबद्दल सांगायला आलेय,” ती म्हणाली. “त्याने तीन तारखेच्या सकाळी एक हिरवळ मारली. पाठीवर फवारणीची टाकी घेऊन तो दिवसाढवळ्या चालला, आणि लोकांनी बघूनही बघितलं नाही, कारण त्याला ते रोज तिथे बघतात. त्याने आधी चपटे बूट घातले. जिला मारायला निघाला होता तिला टाच लागू नये म्हणून. मग झेंडा उतरवला, आम्हा बायकांच्या हाताला विष लागू नये म्हणून. नंतर डब्याला भोकं पाडली, कोणाच्या पोराने त्यात पाणी पिऊ नये म्हणून.”

क्लॅरीचा ब्रश थांबला.

“आणि त्याने उत्तरेची सहा फूट पट्टी सोडली. लोक म्हणतात, औषध संपलं. मला तसं वाटत नाही. हे गवत काडीपासून लागतं. तेवढ्या पट्टीच्या काड्या खोचल्या तर दुसरीकडे अख्खी हिरवळ उभी राहते. ज्याला फक्त नासधूस करायची होती त्याने ती सोडली नसती. या माणसाला हिरवळ इथून उठायला हवी होती, मरायला नको होती.” ती थांबली. “एडीकडे जाऊन आले मी काल.”

क्लॅरीने ब्रश बुटाशेजारी ठेवला.

“त्रेपन्न माणसांसमोर शपथ घेतली होती मी,” क्लॅरी शेवटी म्हणाला. “हलणार नाही म्हणून. आणि मग ते बघितलं. तीस वर्षं मी तिच्याकडून कप घेतोय, ॲव्हिस. वर बघून थँक यू म्हणतो. ती कुठे जाते, कधी विचारलं नाही. त्या रात्रीपासून झोप नाही. वाटलं, हिरवळच गेली तर भांडायचं कशावर? लोक म्हणतील रोग पडला. आता नवीन लावायचीच, तर तिकडे लावू. शब्दही मोडायला नको.”

“अरे, नुसता उभा राहून ‘माझं चुकलं’ म्हणाला असतास!”

“विष फवारणं त्यापेक्षा सोपं होतं,” क्लॅरी म्हणाला.

ॲव्हिसला राग आला होता, आणि रागाच्या खाली दुसरंही काही होतं. सत्तावन्न वर्षांचं आपलं काळीज त्याने आपल्या हाताने फवारलं होतं, ओळीने, एकही कोपरा न चुकवता.

“त्या पोरीच्या मुलावर लोक थुंकले, क्लॅरी.”

“ऐकलं. तेव्हापासून तीनदा मकार्डलच्या दारापर्यंत जाऊन आलो. पाय पुढे जात नाही.”

ती उठली. “एकतीस वर्षं मी गावाचं सगळं ऐकलं आणि कोणाचं कोणाला सांगितलं नाही. उद्या दोनला सभा आहे. तीन वाजेपर्यंत मी गप्प बसेन. तीननंतर मी जन्मात पहिल्यांदा बोलेन. माझ्यावर ती वेळ आणू नकोस रे.”

फाटकाशी तिने वळून बघितलं. तो खाली मान घालून एकाच बुटाला पुन्हा पुन्हा पॉलिश करत होता.

७

गुरुवारी गावच्या सभागृहात बसायला जागा नव्हती. एका बाजूला क्लबचे निळे कोट, दुसऱ्या बाजूला तळावरची बिऱ्हाडं. मध्ये जेन, दोन्ही मुलांचे हात धरून. तिच्या मागची खुर्ची रिकामी होती, कोणी बसायला तयार नव्हतं. एडी क्रॅडॉक आली, चौफेर बघितलं आणि त्या खुर्चीवर जाऊन बसली.

क्लॅरी निळ्या कोटात, पहिल्या रांगेत. अडीच वाजले. रडने नकाशा उलगडला आणि लोकांनी आरडाओरडा केला. पावणेतीन. एक सभासद म्हणाला, “चोरांना घरं द्यायची का?” टाळ्या पडल्या. ॲव्हिसची नजर घड्याळावरून हलत नव्हती. तीनला सात मिनिटं होती. तिने पर्स मांडीवरून खाली ठेवली.

तेवढ्यात पुढच्या रांगेतली खुर्ची सरकली.

“हिरवळ मी मारली,” क्लॅरी नॅनकर्व्हिस म्हणाला.

आधी कोणाला कळलंच नाही. मग कळलं, आणि सभागृहात समुद्रासारखा आवाज उठला.

“लाज नाही वाटत?” मागून हाक आली.

“वाटते. म्हणून तर उभा आहे. बस खाली, अल्फ, मला एकदाच बोलता येणार आहे.” त्याने कोटाचं बटण उघडलं, पुन्हा लावलं. “मिसेस हॉस्किनचा यात काहीही संबंध नाही. मी त्यांची आणि त्यांच्या मुलांची इथे सगळ्यांसमोर माफी मागतो. मकार्डल, सभा झाली की मी तुझ्याबरोबर येतो. आता दुसरं. आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे, एडी कुठे राहते?”

निळ्या कोटांत कोणी हललं नाही.

“मलाही नव्हतं. तीस वर्षं आपण तिच्या हातचं खातोय. मी ‘हलणार नाही’ म्हणालो होतो. मी चुकलो होतो. हे म्हणायचं धैर्य नव्हतं, म्हणून गवत मारलं. तुम्हाला काहीच मारावं लागणार नाही. तुम्ही नुसतं मत द्या.”

तो ज्याचं ठरत नव्हतं तो सभासद, बेकरीवाला, चष्मा पुसत उठला. “हॉरी, त्या उरलेल्या पट्टीतून नवी हिरवळ होईल?”

हॉरी जॉलीचा चेहरा लाल झाला होता. तो क्लॅरीकडे बघतही नव्हता. “दोन उन्हाळे लागतील,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. “काड्या चांगल्या आहेत. त्या मेल्या हरामखोराने सर्वांत चांगली पट्टी सोडलीय.”

कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मग हात वर झाले. पाच विरुद्ध चार.

जेन हॉस्किनने मुलांचे हात सोडले आणि दोन्ही तळहातांत तोंड लपवलं.

पुढे क्लबने क्लॅरीवर खटला भरला नाही, पण त्याला जन्मभरासाठी काढून टाकलं. विजेत्यांच्या पाटीवरून त्याचं नाव खरवडायचं काम हॉरीकडे दिलं. हॉरीने खरवडायचं हत्यार तीनदा हरवलं, मग क्लबने नाद सोडला. गुरांच्या जुन्या बाजारात काड्या खोचायला सुरुवात झाली तेव्हा क्लॅरी रोज कुंपणाबाहेर घडीची खुर्ची टाकून बसायचा आणि हॉरी त्याच्याशी न बोलता, मोठ्याने स्वतःशी बोलल्यासारखं विचारायचा, “आता पाणी द्यावं का?” कुंपणाबाहेरून उत्तर यायचं. दोन उन्हाळ्यांनी हिरवळ झाली. क्लॅरी तिच्यावर एकदाही खेळला नाही.

ग्रॅहम रड दुसऱ्या जिल्ह्यात मोठ्या जागेवर गेला. हॉरी नव्वद सालापर्यंत हिरवळीवर होता. नव्या क्लबच्या पहिल्या सभेत बायकांना मत मिळालं आणि ॲव्हिस ट्रेम्बाथ चिटणीस झाली. सभासदांचे पत्ते ती दर वर्षी स्वतः घरी जाऊन तपासायची, फोनवर कधीच नाही. एडीला कोपऱ्यावरचं घर मिळालं. तिथे ती पाच वर्षं राहिली, आणि तिच्या ओव्हनमध्ये एका वेळी चोवीस स्कोन मावत. जेन आधी शाळेच्या स्वयंपाकघरात लागली. मग कौन्सिलवर निवडून आली आणि चौदा वर्षं राहिली.

क्लॅरी गेला तो एक्क्याण्णवच्या हिवाळ्यात. शवपेटीला खांदा द्यायला क्लबचे निळे कोट आले नाहीत, एक हॉरी सोडला तर. बाकीचे पाच खांदे जुन्या हिरवळीवरच्या गल्लीतून आले. त्यांत जेनचा धाकटाही होता, आता सोळा वर्षांचा. ॲव्हिस त्या गल्लीतून चर्चकडे चालत निघाली, तेव्हा तिला एकही माणूस भेटला नाही. त्या दुपारी अठराही घरांना कुलूप होतं.